विंचू कोण उतरवतो?

या, बसा असे कंदिलाजवळ. वीज काही आता नवाच्या आत यायची नाही, आणि पाय तेवढे वर घेऊन मांडी घालून बसा, कारण मृगाचा पाऊस एकदा कोसळून गेला की आपल्या या जांभ्याच्या जोत्यातून, लाकडांच्या खोपीतून, पेंढ्याच्या तळातून विंचू बाहेर पडतात. जमिनीत पाणी शिरलं की कोरडी जागा त्यांनाही हवीच असते. घाबरू नका, मी मघाशीच ओटीचे सगळे कोपरे पाहून घेतलेत.

विंचू मला लहानपणापासून आवडतो. तुमची आजी हे ऐकून कपाळाला हात लावते, पण जरा जवळून पाहा म्हणजे कळेल. कोळ्याचा हा भाऊबंद, आठ पायांचा. पाठीच्या मधोमध दोन डोळे आणि कडेला आणखी बारीक बारीक डोळे, तरी दिसतं बेताचंच. म्हणून पोटाखाली त्याला दोन फण्या दिल्यात, केसांतल्या फणीसारख्याच दातेरी, आणि त्या जमिनीला टेकवत टेकवत तो वाट चाचपत जातो. त्याचं घराणं चाळीस कोटी वर्षांहून जुनं. डायनासोर आले, नांदले आणि गेले, तेव्हाही विंचू होतेच. अतिनील उजेडाची बॅटरी मिळाली तर ती अंधारात त्याच्यावर मारून पाहा, काजव्यासारखा हिरवा चमकून उठतो. आणि विंचवीण अंडी घालत नाही, ती थेट पिल्लंच देते, तांदळाच्या दाण्यासारखी पांढरी, मऊ, आणि ती पिल्लं एकामागून एक आईच्या पाठीवर चढून बसतात. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते हेच.

मी अकरा वर्षांचा असेन. गोठ्यामागच्या दगडाखाली मला अशी एक बिऱ्हाडवाली सापडली, आणि मी ती चिमट्यानं उचलून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवली, तळाशी माती, वर फडकं बांधलेलं. माझी आजी म्हणाली, “आता बघ हो, ती पोरं आईला खातात. पाठीवर बसून तिचं पोट पोखरतात आणि मग बाहेर पडतात. विंचवीण बाळंत झाली की मेलीच.” हे आमच्या गावात सगळ्यांनाच माहीत होतं, कुणाला विचारायची गरज नव्हती. मी रोज शाळेतून आलो की दप्तर टाकून आधी बरणीपाशी. पिल्लं नुसती बसून होती, काही खात नव्हती, पीत नव्हती. पुढे मला कळलं की जन्माआधी पोटात साठवलेल्या शिदोरीवरच ती ते दिवस काढतात. आठ-दहा दिवसांनी त्यांनी कात टाकली, पांढरा रंग जाऊन पिवळसर-तपकिरी झाली, आणि दोन-तीन दिवसांत एकेक खाली उतरून मातीत पांगली. आई होती तशी होती. नांगी वर करून मला धमकावत होती.

मी बरणी घेऊन धावत आजीकडे गेलो. आजीनं कंदील जवळ धरून नीट पाहिलं. मग म्हणाली, “अजून खायची वेळ झाली नसेल.” चार दिवसांनी पुन्हा दाखवली, तेव्हा म्हणाली, “ही जात वेगळी असेल.” आणखी आठवड्यानं, विंचवीण ठणठणीत झुरळं खातेय हे पाहून, ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “तू बरणीत कोंडलीस ना, म्हणून नाही खाल्लं. रानात खातात.”

ही माझी आजी कशी बाई होती, तेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही तिला अडाणी समजाल. मुंग्या अंडी घेऊन वर चढायला लागल्या की पाऊस किती तासांवर आहे ते ती सांगे, गाईच्या नुसत्या डोळ्यांवरून आजार ओळखे, आणि बाजारात तिला एका पैशालाही कुणी फसवलेलं मी पाहिलं नाही. डोळे तिला होते, बुद्धी होती, पुरावा कंदिलाच्या उजेडात समोर होता. आणि तरी त्या बरणीतली विंचवीण तिच्या मनात शिरेना. तिच्या मनाला तीन दारं होती आणि तिन्ही दारांतून ती बाहेर निसटली. त्या दिवसापासून मला विंचवापेक्षा माणसाच्या मनाचं जास्त नवल वाटत आलंय, आणि साठ-पासष्ट वर्षं मी ते जमेल तसं शोधत, वाचत आलोय.

त्याच्या आधीची, माझीच एक गोष्ट आहे. नऊ वर्षांचा असताना मला विंचू चावला, सरपणाची मोळी सोडताना, या उजव्या अंगठ्याला. जळता निखारा हातात धरल्यासारखी कळ, आणि ती खांद्यापर्यंत चढली. मी आकांत मांडला. वडिलांनी भगताला बोलावणं पाठवलं. तो आला, कडुलिंबाचा डहाळा घेऊन माझ्यासमोर बसला, माझा हात आपल्या मांडीवर घेतला आणि पुटपुटत डहाळा खांद्यापासून खाली उतरवायला लागला, मधेच विचारायचा, “आता कुठं आलाय?” मी म्हणायचो, “कोपरात.” पुन्हा पुटपुटणं, पुन्हा डहाळा. “आता?” “मनगटात.” आणि पोरांनो, देवाशपथ सांगतो, कळ खरंच उतरत होती. विंचू उतरवणं म्हणतात ते माझ्या स्वतःच्या हातावर झालंय. मग मी का विश्वास ठेवू नये?

ही उतरलेली कळ खोटी नव्हती, हे आधी नीट समजून घ्या. आता दुखणं कमी होणार, असं मनानं धरलं की शरीर आपल्या आपण वेदना मारणारी द्रव्यं सोडतं. १९७८ साली कॅलिफोर्नियात तिघा डॉक्टरांनी दाढ काढलेल्या माणसांवर हे पाहिलं: औषध म्हणून नुसतंच काहीतरी दिलं तरी काहींचं दुखणं उतरलं, आणि मग शरीरातली ती वेदनाशामक द्रव्यं अडवणारं औषध टोचलं तर उतरलेलं दुखणं परत चढलं. म्हणजे भगताच्या मांडीवर माझा हात होता, त्याचा आवाज शांत होता, सगळं घर भोवती बसलेलं होतं, आणि त्या धीरानं माझ्याच शरीरातून औषध निघालं. शिवाय विंचवाची कळ बहुतेकांना काही तासांत, फार तर दिवसभरात, आपोआप ओसरते. भगत यायला तासभर लागला होता. उतार तिथूनच लागायचा होता, भगत फक्त त्या उताराच्या तोंडाशी येऊन बसला.

पण हे नऊ वर्षांच्या पोराला कसं कळावं? आणि गावाला तरी कसं? शंभर जणांना विंचू चावला, त्यातले बरेचसे आपोआप बरे झाले, ते सगळे शंभर वर्षं सांगत राहिले की मंत्रानं उतरला. जे दगावले, ते काही सांगायला आले नाहीत. त्यांच्याबद्दल भगतच म्हणाला, उशीर झाला, विटाळ झाला, विंचू अमावस्येचा होता. फार जुनी एक गोष्ट सिसेरो नावाच्या रोमन पंडितानं लिहून ठेवलीय. डायागोरस म्हणून एक नास्तिक ग्रीक होता, त्याला कुणीतरी देवळातल्या तसबिरी दाखवल्या, वादळात नवस बोलून वाचलेल्या खलाशांच्या, आणि म्हणालं, आता तरी देव मानशील ना? तो म्हणाला, नवस बोलून बुडाले त्यांच्या तसबिरी कुठं लावल्यात? दोन हजार वर्षं झाली असतील या प्रश्नाला, आणि अजून दर वेळी तो नव्यानं विचारावा लागतो, कारण वाचलेला माणूस समोर दिसतो, बोलतो, आपल्या ओटीवर बसून चहा पितो. बुडालेला दिसत नाही. डोळ्याला जे दिसत नाही त्याचा हिशेब ठेवणं हे मनाच्या अंगवळणी नाही, ते शिकावं लागतं, पाढ्यांसारखं.

बरं, हे फक्त माणसातच आहे असंही नाही. अमेरिकेत बी. एफ. स्किनर म्हणून एक मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९४८ साली आठ पारव्यांची हकिकत छापली. पारवा भुकेला ठेवायचा, पेटीत सोडायचा, आणि ठराविक वेळानं, पंधरा-पंधरा सेकंदांनी म्हणा, दाण्यांचं ताट क्षणभर समोर यायचं. पारव्यानं काहीही केलं, न केलं, ताट येणारच. आता पारव्याला घड्याळ कुठलं? पहिल्यांदा दाणे आले तेव्हा तो जे काही करत होता, मान वळवत होता म्हणा, तेच त्यानं पुन्हा केलं. पुन्हा दाणे आले. झालं, त्याच्या लेखी गाठ पक्की बसली. एक पारवा दोन दाण्यांच्या मधे पेटीत डावीकडून गरगर फेऱ्या मारायला लागला. दुसरा पेटीच्या वरच्या कोपऱ्यात डोकं खुपसायचा. कुणी लंबकासारखी मान हलवायचा. आठांपैकी सहांचा असा आपापला ठरलेला विधी झाला, आपल्याकडे कुणी परीक्षेला ठराविक पेन नेतं ना, तसा. पुढे १९७१ साली आणखी दोघा संशोधकांनी हा प्रयोग पुन्हा करून दाखवलं की यातल्या बऱ्याच हालचाली भुकेला पारवा वाट पाहताना तशाही करतोच, सगळंच योगायोगानं शिकलेलं नव्हे. हेही ध्यानात ठेवायला हवं. पण मला या गोष्टीतला एक तपशील कधी विसरता येत नाही. त्यातला एक पारवा या पायावरून त्या पायावर उडी मारायला शिकला होता. दाण्यांमधलं अंतर वाढवत मिनिटावर नेलं, तरी त्याच्या उड्या चालू. मग दाणे अजिबात बंद केले. तो थांबला, पण कधी? दहा हजारांहून जास्त उड्या मारल्यावर. एवढ्याशा पाखरानं, एकही दाणा नसताना.

रोज दाणा मिळाला आणि एके दिवशी बंद झाला तर पाखरू लवकर समजतं. पण कधी मिळतो, कधी नाही, अशी सवय लावली की ते आशा सोडत नाही. मंत्राचं तसंच आहे. तो दर वेळी लागू पडला असता तर एका चुकीनं मोडला असता; कधी लागू पडतो, कधी नाही, म्हणूनच तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो.

तुम्ही विचाराल, निसर्गानं असं खुळं मन घडवलंच का? मला ते खुळं वाटत नाही. आपला मोती पाहा. पान सळसळलं तरी रात्री भुंकतो, मांजर गेलं तरी भुंकतो, महिन्यातून एखाद्या वेळी खरोखर कोल्हा येतो. एकोणतीस रात्री तो चुकतो, म्हणून कुणी मोतीला काढून टाकतं का? उगाच भुंकण्याची किंमत एक झोपमोड. न भुंकण्याची किंमत सगळी खुराडी. आपले पूर्वज रानात राहायचे तेव्हा गवत हललं की ज्यांच्या मनात “वाघ” असं आलं ते पळाले, आणि शंभरातून नव्याण्णव वेळा तो वाराच होता, तरी त्यांचं फार बिघडलं नाही. “वाराच असेल” म्हणत जो ऐटीत उभा राहिला, त्याची पोरंबाळं पुढे आली नाहीत. आपण सगळे त्या पळणाऱ्यांचे वंशज. दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या की त्यांची गाठ मारायची, आणि मारलेली गाठ सहज सोडायची नाही, ही आपल्या रक्तातली राखण आहे.

थांबा, एक खेळ खेळू. मी तीन आकडे सांगतो: २, ४, ६. यांच्यामागे माझ्या मनात एक नियम आहे. तुम्ही तुमचे तीन-तीन आकडे सांगा, मी फक्त नियमात बसतात की नाही एवढंच सांगीन. हं, बोल बायो. ८, १०, १२? बसतात. २०, २२, २४? बसतात. १००, १०२, १०४? तेही बसतात. काय म्हणतेस, नियम कळला, दोन-दोननं वाढणारे सम आकडे? नाही गं. नाही. अगदी खात्री होती ना? माझा नियम एवढाच होता की पुढचा आकडा मागच्यापेक्षा मोठा हवा. १, २, ३ विचारलं असतंस तर कळलं असतं, किंवा ५, ४, ३ विचारून माझ्याकडून एक “नाही” घेतलं असतंस तरी वाट सापडली असती. वाईट वाटून घेऊ नको, लंडनमध्ये पीटर वेसन यांनी १९६० साली हाच खेळ कॉलेजातल्या मुलांशी खेळला, आणि त्यातल्याही बहुतेकांनी पहिल्यांदा चुकीचाच नियम छातीठोकपणे सांगितला. आपण विचारतो ते होकार मिळण्यासाठी. नकार मिळेल असा प्रश्न मनाला सुचतच नाही, आणि सुचला तर जिभेवर येत नाही. चार्ल्स डार्विन यांना स्वतःच्या मनाची ही खोड चांगली ठाऊक होती. त्यांनी आत्मचरित्रात लिहिलंय की आपल्या मताविरुद्ध जाणारी एखादी गोष्ट दिसली की ते ती ताबडतोब टिपून ठेवायचे, कारण सोयीच्या गोष्टींपेक्षा अशाच गोष्टी डोक्यातून लवकर निसटतात, हा त्यांचा अनुभव होता. एवढा मोठा माणूस, आणि आपल्याच मनावर पहारा ठेवून होता.

पण होकार आवडतो एवढ्यानं सगळं सुटत नाही. त्याच्याही खाली एक थर आहे, आणि तो उघडायची वाट आपल्याच देशातून गेली, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १५ जानेवारी १९३४, दुपारी दोनच्या सुमारास, बिहार हादरला. उत्तर बिहारात आणि नेपाळात गावंच्या गावं आडवी झाली, हजारो माणसं गेली. त्यानंतर लोकांत ज्या वावड्या उठल्या त्या जमुना प्रसाद नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी टिपून ठेवल्या. आता तुम्हांला काय वाटतं, ज्यांना धक्का जाणवला पण ज्यांच्या घराचं कौलही हललं नाही, त्या गावांत कसल्या बातम्या पसरल्या असतील? “सुटलो बुवा, आता काही नाही,” अशा? उलटंच झालं. पाटण्यावर मोठं वादळ येणार, चंद्रग्रहणाच्या दिवशी याहून मोठा भूकंप होणार, नेपाळकडून पूर धावत येतोय, प्रलय होणार. माणूस भीतीचं ओझं कमी करणारी गोष्ट सोडून भीती वाढवणारी गोष्ट का उराशी धरेल? पुढे १९५० साली दार्जिलिंगला मोठ्या दरडी कोसळल्या, तेव्हा ज्यांचं खरोखर नुकसान झालं त्यांच्या बोलण्यात मात्र अशा भयंकर अफवा आढळल्या नाहीत, असं दुर्गानंद सिन्हा यांनी नोंदवलं. हे दोन्ही अमेरिकेतल्या लिऑन फेस्टिंगर यांनी वाचलं आणि त्यांच्या डोक्यात दिवा पेटला. ज्याचं घर पडलंय त्याच्या भीतीला कारण समोर आहे. ज्याचं घर शाबूत आहे, पण काळीज अजून थडथडतंय, त्याची भीती बिनकारणी, आणि बिनकारणी भीती माणसाला सोसवत नाही. मग मन तिच्या मापाचं कारण शिवून घेतं. भीती आधी आली, वादळ मागून. या विचारातून फेस्टिंगर यांनी १९५७ साली आपला सिद्धान्त मांडला: मनात दोन न जुळणाऱ्या गोष्टी एकत्र राहिल्या की माणसाला टोचत राहतं, आणि ते टोचणं थांबवायला तो सोपं असेल ते बदलतो. कधी मत बदलतो. पण त्याहून जास्त वेळा समोरच्या वस्तुस्थितीलाच वाकवून घेतो.

त्याच भूकंपाची आणखी एक आठवण सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. गांधीजी तेव्हा अस्पृश्यतेविरुद्ध देशभर फिरत होते, आणि त्यांनी जाहीरपणे म्हटलं की बिहारचा भूकंप ही आपल्या अस्पृश्यतेच्या पापाची देवानं दिलेली शिक्षा आहे. रवींद्रनाथ टागोरांना हे सहन झालं नाही. अस्पृश्यता त्यांनाही पापच वाटत होती, पण जमीन हादरते ती जमिनीतल्या कारणांनी, माणसाच्या नीती-अनीतीनं नव्हे, असं त्यांनी लिहून पाठवलं. गांधीजींनी ते ‘हरिजन’मध्ये फेब्रुवारीत जसंच्या तसं छापलं, शेजारी आपलं उत्तर छापलं, आणि आपल्या मतावर ठाम राहिले. मी टागोरांच्या बाजूचा आहे, पूर्णपणे. पण गांधीजींकडे पाहिलं की मला माझ्या आजीची बरणी आठवते: ते भूकंपाविषयी बोलतच नव्हते, त्यांच्या काळजात जी आग लागली होती तिच्याविषयी बोलत होते.

आता पुन्हा आपल्या विंचवाकडे येतो. कोकणातला लाल विंचू, दिसायला लहान, पण त्याचं विष शरीरात काय करतं पाहा. रक्तवाहिन्यांची तोंडं आवळली जातात आणि हृदयाला मात्र जोरात चाल, जोरात चाल असा हुकूम सुटतो. पाटाच्या सगळ्या दारांवर दगड ठेवायचा आणि विहिरीवरचा पंप पूर्ण सोडायचा, तसं. शेवटी पाणी तुंबतं ते फुप्फुसांत. गंमत अशी, छे, गंमत नव्हे, घातकी गोष्ट अशी की ज्याला हे होतं त्याला पुष्कळदा चावल्या जागी फारसं दुखतच नाही. ठणकणारा पोर घर डोक्यावर घेतो आणि वाचतो. ज्याला घाम फुटलाय तो गप्प पडून असतो आणि सगळ्यांना वाटतं, उतरला विंचू. १९७० च्या दशकात महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावसकर नावाचे तरुण डॉक्टर होते. विंचवानं माणसं मरतात हे पाहून ते रुग्णाच्या उशाशी बसून राहिले, नाडी, रक्तदाब, घाम, उलटी, सगळं तासातासाला लिहीत. १९८२ साली त्यांच्या नोंदी ‘लॅन्सेट’मध्ये छापून आल्या, आणि पुढे त्यांनी रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन हे साधं गोळीचं औषध यावर लागू पडतं हे दाखवलं, पाटावरचे दगड ते काढून टाकतं. पूर्वी अशी गंभीर विषबाधा झालेल्या शंभरातले चाळीसच्या आसपास दगावत, ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. एका खेड्यातल्या दवाखान्यात बसून, वही आणि घड्याळ घेऊन केलेलं हे काम आहे, आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

औषध आलं, पण लोक दवाखान्यात जातील तर ना. मी तेव्हा शाळेत शिकवत होतो, तावातावानं चावडीवर उभा राहायचो, फळ्यावर हृदय काढून दाखवायचो, मंत्र खोटा आहे म्हणून सांगायचो. एकही माणूस हलला नाही, उलट जे आधी कधीमधी दवाखान्यात जायचे तेही भगताकडे जाऊन बसायला लागले. फार वर्षांनी मला माझी चूक कळली. “मंत्र खोटा” असं मी म्हणत होतो, आणि ऐकणाऱ्याला ऐकू येत होतं, “तुझा बाप खोटा, तुझी आई अडाणी, आणि तुझं पोर गेलं ते तुझ्यामुळे गेलं.” हे तिसरं वाक्य कोण कबूल करील? ज्यानं लेकराला मंत्राच्या भरवशावर घरात ठेवलं आणि ते गेलं, त्यानं मंत्र सोडायचा म्हणजे त्या रात्रीचा सगळा दोष आपल्या पदरात घ्यायचा. त्यापेक्षा अमावस्येचा विंचू बरा.

मग एका भाद्रपदात, रात्री, भगताच्याच नातवाला विंचू चावला. म्हातारा डहाळा घेऊन बसला. अर्धा तास झाला. पोर रडत नव्हतं. अंगरखा घामानं निथळत होता आणि हातपाय थंडगार. म्हाताऱ्यानं त्याचा तळवा हातात घेतला, बराच वेळ धरून ठेवला, आणि मग डहाळा बाजूला ठेवून त्याला उचललं आणि स्वतः चिखलातून सडकेपर्यंत चालत नेलं. जीप मिळाली, महाडला पोचले, पोर वाचलं. दुसऱ्या दिवशी सगळं गाव गप्प होतं. माझ्या जिभेवर “बघितलंत?” असं आलं होतं, अगदी आलं होतं. मी ते गिळलं, आणि आयुष्यात मी गप्प राहून केलेलं तेवढं एक मोठं काम. त्यानंतर कुणाला विंचू चावला की भगत यायचा, मांडीवर हात घ्यायचा, डहाळा फिरवायचा आणि म्हणायचा, “वरचा मी उतरवलाय. आतला डॉक्टर उतरवतील. गाडी सांगा.” आणि लोक जायचे. माझ्या फळ्यावरच्या हृदयानं जे झालं नाही ते त्याच्या दोन वाक्यांनी झालं, कारण त्यात कुणाचा बाप खोटा ठरत नव्हता.

आणि आजी? ती गेल्यावर कितीतरी वर्षांनी आत्याकडून मला कळलं की आजीला सात मुलं झाली होती, त्यातली तीन गेली, आणि उरलेल्या चौघांना वाढवताना तिनं दुष्काळात आपल्या वाटची भाकरी किती दिवस खाल्ली नव्हती ते फक्त तिलाच ठाऊक. पोरं आईला खातात, ही गोष्ट ती सुनांना, लेकींना सांगायची, नेहमी एकाच सुरात, आणि सांगून झाल्यावर जरा वेळ गप्प बसायची. मी अकरा वर्षांचा, हातात बरणी घेऊन तिला सांगत होतो की आजी, हे खरं नाही.

आलीच की वीज. असू दे, कंदील विझवू नका अजून, आणि एवढं मात्र नीट ध्यानात ठेवून झोपा. लाल विंचू चावला आणि कळ नुसती चावल्या जागीच असेल, तर फारसं भ्यायला नको, तरी दाखवून यायचं. पण घाम सुटला, उलटी झाली, तोंडाला लाळ आली, हातपाय गार पडले, तर दुखत नाही म्हणून थांबायचं नाही, लेकरू असेल तर मुळीच नाही. घरातलं कुणी मंत्र म्हणत असेल तर त्याच्याशी भांडू नका, त्यालाही गाडीत घ्या. आणि चावल्याची वेळ लक्षात ठेवा, डॉक्टर तीच पहिल्यांदा विचारतात.